दोन परूस पाणी

समजा, तुम्ही एका विहिरीच्या काठावर उभे आहात आणि तिच्यात पाणी किती आहे ते तुम्हाला सांगायचं आहे. फुटांची पट्टी जवळ नाही. काय कराल? दोर घ्याल, टोकाला दगड बांधाल आणि आत सोडाल. दगड तळाला टेकला की दोर सैल पडतो, ते हाताला कळतं. मग दोर वर ओढायचा. जेवढा भिजला तेवढं पाणी. इथवर सगळं सोपं आहे. पण आता तो भिजलेला दोर तुमच्या हातात आहे, चैत्राच्या उन्हात तो बघता बघता वाळू लागला आहे, आणि तीन गावांची माणसं तुमच्या तोंडाकडे बघत आहेत. किती पाणी? बोला.

भानओढ्याच्या काठी हे उत्तर एक माणूस देत असे, आणि तेही तोंडानं नव्हे. तो दोराशेजारी ताठ उभा राहायचा आणि दोन्ही हात वर करायचा. टाचेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जेवढा दोर भरेल तो एक परूस. विहीर सहा परूस खोल, पाणी दोन परूस, असं मोजमाप चालायचं.

आता तो माणूस तुम्ही निवडायचा आहे. कोणता निवडाल?

हसण्यासारखा प्रश्न नाही हा. याच प्रश्नाच्या उत्तरावर हिंगणवाडीच्या जोतीआप्पांचा पानमळा टिकून होता.

जोतीआप्पा अंगानं असे उंच, की देवळात शिरताना आधी वाकत आणि मग नमस्कार करत. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आले होते. पलटणीत रांग लागली की उजव्या टोकाला यांनाच उभं करत. घरी परत आले तेव्हा बरोबर एक खाकी कोट आणि थोडी हिंदी आणली. कोट फाटला, हिंदी विसरली, उंची तेवढी राहिली. तिच्यामुळे पंचक्रोशीत त्यांना मान होता. कुणाची विहीर खणायला निघाली की मालक त्यांना बोलावून घेई. खोदणाऱ्या वडारांना मजुरी परुसावर मिळायची. मालकाच्या दृष्टीनं परूस जेवढा लांब तेवढा बरा, वडारांच्या दृष्टीनं जेवढा आखूड तेवढा बरा. जोतीआप्पा हात वर करून उभे राहिले की खड्ड्यातून शिव्या ऐकू यायच्या.

"ह्यो ताड कुठनं पैदा झाला रं!" असं एक म्हातारा वडार दर खेपेला म्हणायचा, आणि जोतीआप्पा हसून आणखी ताठ व्हायचे. त्यांना त्यात गंमत वाटायची. मालकाकडून जेवण आणि एक नारळ मिळे.

पोट मात्र पानमळ्यावर. ओढ्याच्या अलीकडे, हिंगणवाडीच्या हद्दीत, त्यांचा आणि त्यांच्या बायकोचा, चंद्राबाईंचा, छोटा पानमळा होता. शेवरी आणि हादग्याच्या झाडांवर चढवलेल्या नागवेली, आत दाट सावली, खाली कायम ओली माती. आत जाताना पायातलं बाहेर काढून ठेवायचं, ही रीत. वेल लव्हाळ्यानं झाडाला बांधायची, दर वर्षी खाली उतरवून मुळाशी वेटोळं करून पुन्हा चढवायची. अंगावरच्या पोरासारखं सांभाळावं लागतं. उसाला पाळी चुकली तर ऊस रुसतो, पण पुढच्या पाण्याला उठतो. नागवेल रुसत नाही. ती मरते, आणि मेलेली वेल पुन्हा उभी करायला काही वर्षं जातात. मोटेनं पाणी द्यायचं, आणि मोटेला पाणी विहिरीत असायला हवं. एवढंच जोतीआप्पांचं मागणं होतं.

दुसऱ्या लढाईच्या दिवसांत सरकारनं धान्य वाढवा म्हणून विहिरींना आणि इंजिनांना मदत सुरू केली. ओढ्याच्या पलीकडे तळसर गाव. ते संस्थानात, आणि हिंगणवाडी खालशात, म्हणजे इंग्रजी मुलखात. तळसरच्या हंबीररावांनी पहिलं तेलाचं इंजिन आणलं आणि ऊस लावला. इंजिनाचा ठोका ओढा ओलांडून पानमळ्यात ऐकू यायचा. पहिले काही दिवस पोरं ते ऐकायला ओढ्याकाठी जाऊन बसली. मग चंद्राबाईंच्या ध्यानात आलं, की ठोका सुरू झाला की दुपारपर्यंत मोट रिकामी वर येते.

त्यांनी हे चावडीत सांगितलं तेव्हा लोकांनी टर उडवली. "वैनी, ते संस्थानचं पाणी, ह्ये खालशातलं. हद्दीचा दगड वलांडून पाणी जातंय व्हय?"

हे बोलणारी माणसं वेडी नव्हती. दर वर्षी हद्दीच्या दगडावरून भांडणारी होती, आणि जमिनीच्या वर जी हद्द आहे ती खालीही असणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. खाली काय आहे? वर थोडी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या नावाचा मऊ सच्छिद्र खडक, आणि त्याखाली काळा पाषाण. पावसाचं पाणी मांजऱ्यात साठतं आणि पाषाणावर अडून पसरतं. ओढ्याच्या दोन्ही काठांना तो एकच थर आहे. एका पातेल्यातल्या कढीत तीन घरांनी पळ्या बुडवाव्यात, तसा प्रकार. एकानं पळीऐवजी तपेलं बुडवलं की बाकीच्यांच्या पळ्या तळाला खरवडणार.

दुसऱ्या उन्हाळ्यात तळसरमध्ये आणखी इंजिनं आली आणि तिन्ही गावांच्या पिण्याच्या आडांनी तळ दाखवला. हंबीररावांच्या घरचासुद्धा आड आटला, तेव्हा कुठे हद्दीचा दगड विसरून सगळे एकत्र बसले. हिंगणवाडी, तळसर आणि वरच्या अंगाची बेंदवाडी अशा तीन गावांची पाणी कमिटी झाली. तिघांच्या शिवेवर एक जुनी दगडी विहीर आहे, तिला मधली विहीर म्हणतात. ती कुणाचीच नाही. ठरलं असं, की तिच्यात दर पंधरवड्याला दोर सोडायचा. पाणी दोन परूस राहिलं की तिन्ही गावांतली इंजिनं बंद, फक्त मोटा चालतील. एक परूस राहिलं की मोटाही बंद आणि पाणी पिण्यापुरतं. अध्यक्ष हंबीरराव, चिटणीस हिंगणवाडीचा कृष्णात. माप अर्थात जोतीआप्पांचं. निवडीवर चर्चासुद्धा झाली नाही. शेवटी पानसुपारी वाटली, तीही जोतीआप्पांच्याच मळ्यातली.

मला सांगायला आनंद होतो, की हा कारभार दोन उन्हाळे नीट चालला. कुठलाही सरकारी माणूस मध्ये नसताना तीन गावांनी, तेही दोन राज्यांतल्या, एका अदृश्य पाण्याला शिस्त लावली. इंजिनं बंद राहत, हंबीरराव कुरकुरत, उसाची पानं करपत, पण आडांत पाणी राहिलं आणि पानमळा हिरवा राहिला. इथेच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

अठ्ठेचाळीसच्या चैत्रात कमिटी मधल्या विहिरीवर जमली. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं आणि हंबीररावांच्या डोक्यावर पांढरी टोपी आली होती. त्यांचा ऊस कमरेएवढा होता. दोर वर आला. जोतीआप्पा सवयीनं पायातलं काढून पुढे झाले.

"आप्पा, ऱ्हावा," हंबीरराव म्हणाले. "दर येळंला तुमालाच तरास. आज दुसरा गडी हुबा करू."

"हात वर करायला कसला आलाय तरास?"

"तसं न्हवं. येकाच माणसावर भार नगं. ये रं आकाराम."

आकाराम हा हंबीररावांचा गडी, मूळचा उंब्रजकडचा. तो जोतीआप्पांच्या शेजारी येऊन उभा राहिला तेव्हा त्याचा पटका त्यांच्या छातीशी आला. विहिरीवर घागर घेऊन आलेल्या चंद्राबाई पायऱ्यांवरूनच ओरडल्या, "आवं हंबीरराव, मापाला मानूस आनलाय का मापटं?"

सगळे खदखदून हसले. धान्य मोजायचं मापटं म्हणजे पायलीपुढे केवढंसं ते! आकारामही हसला, आणि बहुधा त्यामुळेच, दोर शेजारी धरल्यावर तो चवड्यांवर उंच झाला. तीन गावांदेखत माप व्हायचा मान आयुष्यात एकदाच मिळालेला. तो भरून काढत होता बिचारा. हंबीररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं.

"टाचा टेक रं. लबाडी नगं."

लबाडी नगं! हे वाक्य मला तिथे हजर असलेल्या तिघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि तिन्ही वेळा माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

जोतीआप्पांनी विचारलं, "मागल्या साली कुनाचा परूस धरला हुता?"

"मागल्या सालचं मागल्या साली. कृष्णात, ठराव सांग. 'दोन परूस' म्हटलंय, का 'जोतीआप्पाचं दोन परूस'?"

"नुसतं दोन परूस," कृष्णात म्हणाला. तो जोतीआप्पांच्याच गावचा, त्यांच्याच आळीतला. तो जमिनीकडे बघून बोलला.

"झालं तर मग. का आकाराम मानूस न्हाई? आप्पा, सवराज आलंय आता. उच्च-नीच ऱ्हायलं न्हाई. बुटक्याला काय किंमतच न्हाई का? बोला मंडळी, आकाराम मानूस हाय का न्हाई?"

याला नाही कोण म्हणणार? माणसं एकमेकांकडे बघून हसली आणि हात वर झाले. ज्या गोष्टीसाठी माणसं तुरुंगात गेली, लाठ्या खाल्ल्या, ती समता हंबीररावांनी आपल्या उसाला पाणी पाजायला वापरली. बेंदवाडीकरांनीही हात वर केले, कारण त्यांच्याकडेही आता दोन इंजिनं होती. आकारामनं हात उंचावले. जोतीआप्पांच्या मापानं दोन परुसांना किंचित कमी भरलेलं पाणी त्याच्या मापानं जवळजवळ अडीच परूस भरलं. इंजिनं चालू राहणार होती.

दोन माणसांच्या दोन दोन परुसांत फरक पडतो तीन फुटांचा. तीन फूट ऐकायला थोडे वाटतात. पण ते एका विहिरीतले तीन फूट नव्हेत. तीन गावांच्या खाली पसरलेल्या अख्ख्या थराचे वरचे तीन फूट. आणि नेमक्या त्याच तीन फुटांत जोतीआप्पांच्या उथळ विहिरीचे झरे होते.

नंतर पानसुपारी झाली. पानं जोतीआप्पांचीच, ती त्यांनी सकाळीच आणून ठेवली होती. मंडळींनी विडे तोंडात कोंबले, मान हलवत हलवत चघळले आणि विहिरीच्या कठड्यावरच थुंकले. दगडावरून लाल ओघळ खाली पाण्याकडे उतरत गेले. चंद्राबाई घागर तशीच रिकामी घेऊन घरी गेल्या.

वाटेत जोतीआप्पांनी कृष्णातला गाठलं.

"तू का रं हात वर केलास?"

"आप्पा, खरं सांगू? वैशाखात माझं इंजिन येतंय."

"आनि माझा मळा?"

"तुमीबी घ्या की इंजिन. कवापतोर मोट वडनार?" कृष्णात पान चघळत होता. बोलताना त्याचा एक लाल शिंतोडा जोतीआप्पांच्या बाराबंदीवर उडाला.

"त्यो डाग मी धुऊ दिला न्हाई," चंद्राबाई मला म्हणाल्या. "म्हटलं, घाला तसंच. चार मानसांत दिसू दे."

वैशाखात जोतीआप्पांच्या विहिरीत मोट तळाला आपटू लागली. वर यायचं ते पाणी नव्हतं, गाळ होता, आणि त्याला कुजक्या पाल्याचा वास. पाटात पसरला की डास बसायचे. बेंदवाडीच्या एका आडातून तेलाचा तवंग आलेलं पाणी लोक फडक्यातून गाळून पीत होते आणि तरी कमिटीत हात वर करत होते. पानवेलीची पानं आधी मऊ पडली, ओल्या चिंधीसारखी, मग कडेनं पिवळी झाली. चंद्राबाईंनी मधल्या विहिरीवरून घागरी आणून वेलींच्या बुडाशी ओतल्या. घागरींनी पानमळा जगत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. शेवटी दोघांनी ठरवलं, खालचा अर्धा मळा सोडायचा आणि जे पाणी मिळेल ते वरच्या अर्ध्याला द्यायचं. खालच्या वेली जोतीआप्पांनी स्वतः हातानं ओढून काढल्या. बघत बसण्यापेक्षा ते बरं, म्हणाले.

आणि अशातच एके सकाळी हंबीरराव पानमळ्यात आले. पायातल्या करकरीत वहाणांसकट आत आले, सावलीत, ओल्या मातीवर. जोतीआप्पा त्यांच्या पायांकडे बघत राहिले.

"पायतान काढा आदी."

"हां, हां, ऱ्हायलंच." हंबीररावांनी वहाणा काढल्या, पण जागचे हलले नाहीत. "आप्पा, येक काम हुतं. आमची हीर आनकी दोन परूस खाली न्यायची म्हंतोय. पानी वडत न्हाई आता. उद्या वडार येत्यात. तुमी जरा मापाला येऊन हुबं ऱ्हावा."

जोतीआप्पांना आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "मी?"

"तुमीच. लय चोर जात ती. आखूड मापात पैसं काढत्यात."

"तुमच्या गोठ्यात हाय की माप. आकारामला हुबा करा."

"आकाराम?" हंबीररावांनी खरोखर आश्चर्यानं विचारलं. "आवं आप्पा, खनायच्या कामाला आकाराम कसा चालंल?"

मी हे मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारून घेतलं: हंबीरराव हसत होते का? डोळा मिचकावला का? निदान नजर तरी चुकवली? नाही. त्यांना त्यात विसंगती दिसलीच नव्हती. लबाड माणसाला आपण लबाड आहोत हे कळत असतं, त्यामुळे त्याच्याशी भांडता येतं. हंबीररावांच्या बाबतीत तीही सोय नव्हती. आपल्या सोयीचं ते माप, ही गोष्ट त्यांना सूर्य उगवण्याइतकी साधी वाटत होती. शिसारी येते ती याची.

"उपसायला मापटं आनि खनायला पायली!" चंद्राबाई वेलींच्या आडून म्हणाल्या. "उठा हितनं, न्हाईतर ह्यो गाळ टाकीन अंगावर."

हंबीरराव वहाणा हातात घेऊन गेले. जोतीआप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. चंद्राबाईंनी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "त्यो म्हातारा वडार मला शिव्या द्यायचा. आपुन हसायचो. त्येच्याबी पोटावरच हुबा ऱ्हात हुतो की गं मी." त्यानंतर ते कुणाच्याही विहिरीला माप म्हणून उभे राहिले नाहीत. आणि पानसुपारीसाठी कमिटीला पान दिलं नाही. कमिटीनं पानं दुसरीकडून आणली. बैठका चालूच राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात नवा जिल्हा होणार म्हणून विहिरींची सरकारी मोजणी निघाली आणि मी पोलादी पट्टी घेऊन भानओढ्यावर गेलो. मला वाटलं होतं, आता हा परुसाचा घोळ मिटेल, फूट म्हणजे फूट. कृष्णात मला भेटायला आला. पांढरे कपडे, खिशाला पेन. म्हणाला, "साहेब, कमिटीनं ठराव सुधारलाय. आता परूस न्हाई, साडेबारा फूट." साडेबारा म्हणजे आकारामचे दोन परूस, टाचा टेकवून. आता भांडायला माणूसही उरला नव्हता. माझ्या पट्टीनं त्या आकड्याला इभ्रत आली, आणि मी तो लिहून घेतला, कारण लिहून घेणं एवढंच माझं काम होतं. कृष्णातनं मला पान देऊ केलं. मी घेतलं नाही.

संध्याकाळी मी जोतीआप्पांच्या विहिरीत उतरलो. ते माझ्यासोबत पायऱ्यांवर आले, वाकून, डोकं सांभाळत. तळसरची बाजू शांत होती. हंबीररावांच्या इंजिनाचा दांडा मोडला होता आणि बदली दांडा अजून कराडहून यायचा होता. कृष्णातचंही इंजिन तेल नसल्यामुळे थांबलेलं. विहिरीच्या दगडावरची जुन्या पाण्याची रेघ आता पाण्याखाली गेलेली दिसत होती. जोतीआप्पांनी त्या रेघेपासून पाण्याच्या कडेपर्यंत वीत लावून दाखवली. पाणी वीतभर चढलं होतं. पाऊस नव्हता, ओढा कोरडा होता, तरी चढलं होतं.

मी त्यांना मांजऱ्या समजावून सांगितला. पाण्याचा उतार इंजिनाच्या विहिरीकडे कसा लागतो, उपसा थांबला की तो उतार कसा भरून येतो, हे वाळूत रेघा काढून दाखवलं. ते नीट ऐकत होते. मध्ये दोनदा मान हलवली.

वर आलो तेव्हा पानमळ्याच्या कडेला ओल्या गोणपाटात गुंडाळून नागवेलीचं बेणं ठेवलं होतं. मेलेल्या अर्ध्या मळ्यात पुन्हा लावण्यासाठी चंद्राबाईंनी आपल्या माहेरच्या मळ्यातून आणलेलं. गोणपाटावर त्या अधूनमधून पाणी शिंपडत होत्या.

"तुमचं समदं पटलं," जोतीआप्पा म्हणाले. "मांजऱ्या येक, पानी येक. पर ह्ये आत्ता चढलंय, ह्येचं सांगा. लावलं आनि परवा दांडा आला, तर पोरं म्हंतील, म्हाताऱ्याला कळत न्हवतं. न्हाई लावलं तर बेणं हितंच सुकतंय. कमिटीत मी काय म्हनू? ह्ये पानी त्येंचं माझ्याकडं आलंय, का माझंच परत आलंय?"